इतिहासातला ‘म्हणून’

इतिहास शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. या काळात किती उत्तरपत्रिका तपासल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही. परंतु त्यांतले एक उत्तर मला अजून तोंडपाठ आहे. नव्या जलमार्गांचा शोध का लागला, असा प्रश्न असे; आणि उत्तर असे की, इ. स. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले, त्यामुळे पूर्वेकडचा खुष्कीचा मार्ग बंद पडला, म्हणून युरोपातले लोक समुद्रमार्गाने हिंदुस्थानाकडे निघाले. तालुक्याच्या गावच्या आमच्या शाळेत हे उत्तर न येणारा मुलगा विरळा. मीही १९६३ साली शालान्त परीक्षेत हेच लिहिले होते, आणि माझ्या गुरुजींनीही त्यांच्या लहानपणी हेच लिहिले असणार. कोणाला वारशाने शेत मिळते, कोणाला घर मिळते. आम्हांला हे वाक्य मिळाले होते, आणि त्याचा सात-बारा एकदा पाहून घ्यावा असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नव्हते.

तो सात-बारा गेल्या जून महिन्यात माझ्या नातीने काढला.

माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीला असतात. नात सोळा वर्षांची. सुटीला आली तेव्हा आपले इतिहासाचे पुस्तक बरोबर घेऊन आली होती. दोन्ही हातांनी उचलावे लागावे असा तो ग्रंथ मी मोठ्या उत्सुकतेने चाळला आणि खरे सांगायचे तर नाराज झालो. सारा जगाचा इतिहास, पण त्यात राजांच्या वंशावळी नाहीत, लढायांचे नकाशे जेमतेम. त्याऐवजी सूत्रे: माणूस आणि निसर्ग, व्यापाराच्या वाटा, राज्यांची घडण, समाजातल्या उतरंडी. कालखंड फक्त चार: १२०० ते १४५०, तेथून १७५०, तेथून १९००, आणि तेथून आजपर्यंत. शिवाय प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी विचार कसा करावा याचे धडे: कारण कोणते आणि परिणाम कोणता, दोन गोष्टींची तुलना कशी करावी, काय बदलले आणि काय टिकले, पुरावा कोणाचा आणि तो त्याने कशासाठी लिहून ठेवला. मी म्हणालो, ‘अगं, ही तर इतिहासाची भेळ झाली. चुरमुरे कुठले आणि शेव कुठली, काही पत्ता लागत नाही.’

ती रागावली नाही. तिने वहीतला एक कागद पुढे केला. त्यावर एकाखाली एक सने लिहिली होती.

‘आजोबा, तुम्ही सकाळी म्हणालात की वाट १४५३ ला बंद झाली.’

‘झालीच.’

‘मग पोर्तुगीज लोक १४१५ मध्ये सेउटा घ्यायला आफ्रिकेत कशाला गेले? अडतीस वर्षं आधी?’

‘ती सुरुवात होती.’

‘कशाची सुरुवात? अजून न झालेल्या गोष्टीमुळे?’

मी चष्मा पुसला. एकतीस वर्षांत वर्गात मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि विचारला असता तर मी त्या मुलाला बहुधा खाली बसवले असते, हेही येथे कबूल केले पाहिजे.

त्यानंतरचे दोन महिने मी या एका ‘म्हणून’च्या पाठीमागे घालवले. निवृत्त माणसाला वेळ पुष्कळ असतो. जे हाती लागले ते थोडक्यात असे. सेउटा पोर्तुगीजांनी १४१५ साली घेतले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे बोजादोरचे भूशिर त्यांनी १४३४ साली ओलांडले. कॉन्स्टॅन्टिनोपल पडले १४५३ च्या मे महिन्यात. आणि पुढच्याच वर्षी, १४५४ साली, विजेत्या सुलतानाने व्हेनिसशी व्यापाराचा तह केला. वाट बंद करणारा माणूस असा तह कशाला करील? त्याहून महत्त्वाचे असे की, मिरी-मसाल्याचा मुख्य रस्ता कॉन्स्टॅन्टिनोपलवरून जातच नव्हता. तो मलबारातून तांबड्या समुद्रात, तेथून इजिप्तमध्ये, आणि अलेक्झांड्रियाहून व्हेनिसला जात असे. इजिप्त होते मामलुक सुलतानांच्या ताब्यात. तुर्कांनी ते जिंकले १५१७ साली. म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचल्यावर एकोणीस वर्षांनी! जो रस्ता तुर्कांच्या हाती आलाच नव्हता, तो त्यांनी बंद कसा केला? वाट बंद नव्हती; वाटेवरचा नाका दुसऱ्याचा होता, आणि नाक्यावरचा नफा दुसऱ्याच्या खिशात जात होता. पोर्तुगीजांना तो नफा हवा होता, त्याआधी आफ्रिकेतले सोने हवे होते, गुलाम हवे होते, आणि मूरांवर धर्मयुद्धाची हौसही होती.

यात माझे संशोधन काडीचेही नाही. अल्बर्ट लायबायर नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने १९१५ सालीच एका निबंधात दाखवून दिले होते की, तुर्कांनी पूर्वेचे मार्ग मुद्दाम अडवले या समजुतीला आधार नाही. १९१५! मी जन्मण्यापूर्वी तीस वर्षांहून अधिक काळ हा निबंध छापलेला होता. तो आमच्या तालुक्याला पोचला नाही, याचे दुःख एकवेळ सोसता येईल. परंतु तो नसतानाही मला हे कळायला हरकत नव्हती, कारण १४१५, १४५३, १४९८ आणि १५१७ ही चारही सने मीच मुलांना पाठ करायला लावत होतो. चारी सने माझ्याच फळ्यावर होती; ती एका ओळीत मांडून त्यांच्याकडे पाहिले मात्र नव्हते.

वाचकहो, येथून माझ्या मूळ विषयाकडे वळतो. जगाचा इतिहास सांगणाऱ्या ग्रंथांचे मूल्यमापन कसे करावे? भाषा, विस्तार, पल्ला या गोष्टी आपण पाहतोच. मला आता असे वाटते की, त्याआधी त्या ग्रंथातला ‘म्हणून’ पाहावा. लेखक तो कोठे योजतो, किती सहज योजतो, आणि योजण्यापूर्वी क्षणभर थांबतो की नाही, यावर त्या ग्रंथाची प्रत ठरते. माझ्या कपाटात असे तीन ग्रंथ आहेत. तिन्ही थोर, तिन्ही मी आदराने वाचलेले. त्यांना ही कसोटी लावून पाहू.

पहिला एच. जी. वेल्स यांचा ‘दि आउटलाइन ऑफ हिस्टरी’. पहिल्या महायुद्धाचा धूर पुरता विरला नव्हता तोच, १९१९ च्या अखेरीपासून, तो भागाभागांनी निघू लागला आणि १९२० साली पुस्तकरूपाने आला. पृथ्वीच्या जन्मापासून आरंभ करून सगळ्या मानवजातीची एकच कथा सांगायची, ही त्यामागची प्रतिज्ञा. त्या काळी प्रत्येक देश आपापल्या विजयाचा इतिहास मुलांना पढवत होता, आणि तो पढवून तयार झालेली मुले खंदकांत मेली होती. अशा वेळी हे पुस्तक लिहिणे हे मोठ्या मनाचे काम होते. अशोकाविषयी वेल्सने जे लिहिले त्याने आपल्याकडच्या एका पिढीची मान ताठ झाली, हेही विसरता येत नाही. परंतु वेल्स हा कादंबरीकार. त्याला शेवट आधी ठाऊक असतो. त्याच्या कथेचा शेवट म्हणजे सर्व जगाचे एक राज्य. त्या शेवटाकडे नेणारे ते पुढचे पाऊल, न नेणारे ते मागचे. वाचताना वेग येतो, मन उचंबळते. पण पुस्तक मिटल्यावर जाणवते की, यातला प्रत्येक ‘म्हणून’ भविष्यातून मागे आलेला आहे. अमुक घडले, कारण पुढे तमुक घडायचे होते. माझ्या नातीने माझ्यावर जो आक्षेप घेतला तोच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

दुसरा ग्रंथ पंडित नेहरूंचा ‘ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी’. १९३० च्या ऑक्टोबरपासून १९३३ च्या ऑगस्टपर्यंत तुरुंगातून मुलीला लिहिलेली १९६ पत्रे. पुस्तक आले १९३४ साली. जवळ ग्रंथालय नाही, आहेत ती टिपणे आणि मिळतील तेवढी पुस्तके. या पुस्तकाचा जो विशेष मला आज सर्वांत मोठा वाटतो तो म्हणजे त्यातली फेरी. एका शतकात थांबायचे, मग त्या शतकातला चीन पाहायचा, हिंदुस्थान पाहायचा, अरबांचा प्रदेश पाहायचा, युरोप पाहायचा, आणि मगच पुढे निघायचे. अकबर गादीवर आला १५५६ साली आणि इंग्लंडची एलिझाबेथ १५५८ साली, ही दोन्ही सने आपण शाळेत शिकतो. पण वेगवेगळ्या इयत्तांत शिकतो, त्यामुळे ती माणसे एकाच आकाशाखाली वावरत होती हे मनात येत नाही. नेहरूंच्या फेरीत ते आपोआप येते. कालखंडाचा खरा उपयोग हाच. कालखंड म्हणजे दोन्ही बाजूंनी भिंत घातलेली खोली नव्हे. तो एक ओटा आहे, जेथे बसून चारी दिशांना पाहता येते.

दोष नाहीत असे नाही. पुनरुक्ती पुष्कळ आहे, लहान मुलीला सांगता सांगता लेखक मध्येच मोठ्यांच्या चर्चेत शिरतो, आणि हे दोन्ही दोष नेहरूंनी स्वतःच प्रस्तावनेत मान्य केले आहेत. पुस्तकाचा मोठा भाग अलीकडच्या शतकांनी व्यापला आहे, आणि तेथे पारतंत्र्याची आग जवळ असल्यामुळे ‘म्हणून’ भराभर येतो. पण वेल्सचा ‘म्हणून’ व्यासपीठावरून येतो आणि नेहरूंचा पत्रातून. पत्राला उत्तर येऊ शकते. ‘मी काही इतिहासकार नव्हे’ असा सूर लावणाऱ्या बापाशी मुलीला वाद घालता येतो. ही मोकळीक क्रमिक पुस्तक देत नाही, आणि आम्ही मास्तरही देत नव्हतो.

तिसरा ग्रंथ अगदी वेगळ्या जातीचा. सिडनी मिंट्झ या मानवशास्त्रज्ञाचा, १९८५ साली निघालेला ‘स्वीटनेस अँड पॉवर’. यात राजा नाही, राष्ट्र नाही. नायिका आहे साखर. दिवाळी अंकाच्या वाचकांना तिची ओळख करून द्यायला नको. या घटकेला ती आपल्या डब्यात लाडवांच्या आणि शंकरपाळ्यांच्या रूपाने बसलेलीच आहे. उसाचे मूळ न्यू गिनीकडचे. पण रस आटवून त्याचे खडे करण्याची विद्या हिंदुस्थानातली. शब्दच साक्ष देतात. आपली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली, आणि इंग्रजांकडे शुगर होऊन पोचली. आपल्या खंडाची तिकडे कँडी झाली. अरबांनी ऊस भूमध्य समुद्राकाठी नेला, पोर्तुगीजांनी तो मदेरा बेटावर लावला, आणि कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत तो अमेरिकेकडच्या बेटांवर नेला. पुढची कथा गोड नाही. आफ्रिकेतून अटलांटिकपार नेण्यासाठी एकंदर सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली. त्यांतल्या फार मोठ्या वाट्याच्या नशिबी उसाचे मळे आले. आणि जी साखर इंग्लंडात एके काळी सरदारांच्या मेजवानीची शोभा होती, ती १९०० च्या सुमारास तिथल्या आहारातल्या उष्मांकांचा जवळजवळ पाचवा हिस्सा पुरवू लागली. गिरणीत राबणारी बाई मुलांपुढे पाव, मुरंबा आणि गोड चहा ठेवू लागली.

मिंट्झचे वैशिष्ट्य असे की, तो मळ्यातला गुलाम आणि गिरणीतला मजूर यांना एकाच धाग्यात ओवतो, आणि तरीही ‘म्हणून’ म्हणताना दोनदा विचार करतो. गोड आवडते म्हणून साखर खपली, हे त्याला पुरत नाही. गोड तर सर्वांनाच आवडते. मग इंग्लंडातच, त्याच काळात, त्याच थरात ती का खपली? ती कोणाला विकायची होती, तिच्यावरचे कर कोणी कमी केले, शिजवायला वेळ कोणाला नव्हता? एका वस्तूचे सूत्र धरून केलेला अभ्यास काय करू शकतो, याचा हा नमुना आहे. माझी भेळेची उपमा हे पुस्तक पुन्हा वाचताना मलाच बोचली.

पण याही ग्रंथाला एक आंधळी बाजू आहे. त्याची नजर कॅरिबियन बेटे आणि इंग्लंड यांच्यामध्ये खिळलेली आहे. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. त्यानंतर मळ्यांवर कोण गेले? आपली माणसे गेली. १८३४ पासून सुमारे १९२० पर्यंत एकट्या मॉरिशसला जवळजवळ पाच लाख गिरमिटिये उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात. माझ्या वाचकाला ज्या प्रकरणाची सर्वांत जास्त आस लागेल ते प्रकरण मिंट्झच्या ग्रंथात हाती लागत नाही. सूत्राने लिहिलेल्या इतिहासात हा धोका नेहमीचाच. वस्तू नायक झाली की माणूस उदाहरण होतो, आणि उदाहरणे निवडणाऱ्याच्या नजरेबाहेरची माणसे उदाहरणसुद्धा होत नाहीत.

आता त्या सनाविषयी. १४५३ ला एवढी प्रतिष्ठा कोणी दिली? क्रिस्टोफ सेलारियस नावाचा एक जर्मन पंडित सतराव्या शतकात होऊन गेला. प्राचीन, मध्य आणि अर्वाचीन असे इतिहासाचे तीन भाग त्याने आपल्या पुस्तकांतून रूढ केले. १६८८ साली निघालेला त्याचा मध्ययुगाचा भाग सम्राट कॉन्स्टंटाइनपासून सुरू होतो आणि तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल घेतले तेथे संपतो. म्हणजे हा सन एका ग्रंथकाराने प्रकरण कोठे संपवावे या अडचणीपोटी निवडलेला. पण एकदा तेथे दार उभे केले की पुढच्यांना वाटू लागते, अलीकडचे सारे त्या दारातूनच आले असणार. कालखंडाची रेघ हळूहळू कारण होऊन बसते. आपल्याकडेही जेम्स मिलने १८१७ साली हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे हिंदुस्थानच्या इतिहासाचे तीन तुकडे केले. पहिल्या दोहोंना धर्माची नावे दिली आणि तिसऱ्याला मात्र देशाचे. त्या रेघांची किंमत आपण अजून भरतो आहोत.

नातीच्या पुस्तकाचा आरंभ १२०० सालापासून का, याचीही अशीच कथा आहे. तो अभ्यासक्रम चालवणाऱ्या अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाने २०१८ साली जाहीर केले की, यापुढे परीक्षेसाठी जगाचा इतिहास १४५० पासून सुरू होईल. शिक्षक आणि विद्यार्थी खवळले. त्यांचे म्हणणे सरळ होते: १४५० ला पडदा उघडला तर रंगमंचावर पहिला माणूस युरोपीय खलाशीच येणार, आफ्रिका, आशिया आणि अमेरिका यांचा प्रवेश त्यांना कोणीतरी ‘शोधून’ काढल्यावर. अखेर बोर्डाने माघार घेऊन १२०० ही रेघ धरली. मला ही हकिकत फार बोलकी वाटते. कोठून सुरुवात करायची हे ठरवले की कारण कोण आणि परिणाम कोण, हे अर्धे ठरून जाते. १४०५ ते १४३३ या काळात चीनचा चंग ह सात वेळा प्रचंड आरमार घेऊन निघाला. पहिल्या सफरीत सत्तावीस हजारांवर माणसे होती, आणि तो कालिकतला आला होता. गामा आला तो चार जहाजे आणि दीडशे-पावणेदोनशे माणसे घेऊन निघालेला. चीनने ते आरमार स्वतः होऊन थांबवले. १४५० ला पडदा उघडणाऱ्याला ही तुलना सुचणारच नाही, आणि मग समुद्र ओलांडण्याची ताकद युरोपातच होती, म्हणून युरोपच निघाला, असा आणखी एक ‘म्हणून’ जन्माला येईल.

नातीने जाण्यापूर्वी माझी परीक्षा घेतली. ‘आजोबा, वाट चालू होती याचा एक साक्षीदार द्या.’ मी तिला अफानासी निकितीन दिला. त्वेरचा हा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास व्होल्गा, कास्पियन, इराण आणि होर्मुझ या मार्गाने आपल्या चौलला उतरला, विकायला आणलेला घोडा घेऊन जुन्नरला आणि बिदरला गेला, आणि परतताना दाभोळहून निघाला. परतीची त्याची वाट ट्रॅबझॉनवरून होती. आणि ते शहर तुर्कांनी १४६१ मध्येच घेतले होते. तिथे त्याच्या सामानाची झडती झाली, त्रास झाला, पण तो काळा समुद्र ओलांडून पुढे गेला. त्याच्या टिपणांत तक्रार आहे ती जबर जकातीची आणि समुद्रावरच्या चाच्यांची.

मला वाटले, आता पोर खूश होईल. ती म्हणाली, ‘एक माणूस गेला म्हणून वाट चालू होती, हे तरी कशावरून? तो जाऊ शकला एवढंच कळतं. माल किती जात होता ते नाही कळत.’

बरोबर होते. दुसऱ्यांदा मी तोच अपराध करत होतो. फक्त या वेळी माझ्या आवडीचा ‘म्हणून’ होता. आणि जुने उत्तरही सर्वस्वी पोकळ नव्हते, हे मला तिच्या या बोलण्यानंतर पुन्हा वाचताना दिसले. तुर्कांच्या विस्ताराने काळ्या समुद्रावरच्या जिनोआवाल्यांच्या पेढ्या बुडाल्या. १४७५ मध्ये त्यांचे काफा गेले. जिनोआच्या सावकारांचे भांडवल अधिकाधिक पश्चिमेकडे, पोर्तुगाल आणि स्पेनकडे वळले, आणि अटलांटिकमधल्या बेटांवरच्या उसातही उतरले. म्हणजे १४५३ चा धागा अटलांटिकपर्यंत जातो खरा. पण तो मिरीच्या बंद वाटेतून जात नाही, तो सावकारांच्या वह्यांतून जातो, आणि एका धाग्याने कापड होत नाही.

नातीच्या अभ्यासक्रमाविषयी माझे मत आता असे आहे. त्याची सूत्रे चांगली आहेत, परंतु सने पाठ नसतील तर ती सूत्रे हवेत लोंबतात. तिला प्रश्न सुचला तो सूत्रामुळे नव्हे. तिने चार सने एका कागदावर लिहिली होती म्हणून. उलट मला चारही सने पाठ होती आणि प्रश्न सुचला नाही, कारण त्यांना जोडणारे सूत्र मी क्रमिक पुस्तकातून आयते घेतले होते. कालखंड हवेत, सूत्रे हवीत. आणि या दोहोंवर नजर ठेवणारी ‘हे कशावरून?’ म्हणणारी सवय हवी. ही सवय परदेशातून आणावी लागते असेही नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला आरंभ केला तो याच हट्टाने. बखरीतले गोड वाक्य पुढे आले की ते अस्सल कागद मागत. १९१६ साली टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली आणि शिवजन्माच्या सनावरून महाराष्ट्राने दीर्घ वाद घातला. एका सनासाठी आपण इतके कागद पारखले. कारणासाठी मात्र कागद मागायची सवय आम्ही मास्तरांनी मुलांना लावली नाही.

माझा एक विद्यार्थी आज त्याच तालुक्यात इतिहास शिकवतो. मी त्याला हे सारे लांबलचक पत्र लिहून कळवले आणि शेवटी क्षमाही मागितली. त्याचा दूरध्वनी आला. ‘सर, पटलं. पण मुलांनी हे लिहिलं तर गुण जातील. तपासणारा जुनंच वाक्य शोधतो.’

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलांचे गुण घालवून माझे प्रायश्चित्त करण्याचा मला अधिकार नाही. मी त्याला एवढेच म्हणालो की, उत्तर जुनेच लिहू दे. पण वर्गात फळ्यावर १४१५, १४५३, १४९८ आणि १५१७ एका ओळीत लिही, खडू खाली ठेव, आणि काही बोलू नकोस.

गणपतीच्या सुटीपूर्वी त्याने तसे केले. पहिल्या दोन वर्गांत काहीच झाले नाही. तिसऱ्या वर्गात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, तुमचं एक साल चुकलंय.’ ‘कुठलं?’ असे याने विचारले. तिला ते सांगता येईना. ती फळ्याजवळ आली, बराच वेळ त्या ओळीकडे पाहत उभी राहिली, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी जागेवर गेली नाही.